सीडीएच-१ पॉझिटिव्ह आल्यानंतर: माझा अनुभव

माझं जठर पूर्ण काढलं तेव्हा मला कसलाही त्रास नव्हता. भूक चांगली, वजन जागच्या जागी, एंडोस्कोपीत काही नाही. तरी मी ऑपरेशनला तयार झाले, ते घरातली आजारपणं आणि रक्ताचा एक रिपोर्ट यामुळे. जठराच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा सीडीएच-१ या जनुकातला बदल माझ्यात आहे, असं तो सांगत होता. तसाच रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या घरांसाठी हे लिहितेय.

सुरुवात दादापासून झाली. वय ३८, तंबाखू नाही, दारू नाही. चार घास खाल्ले की पोट भरायचं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर बरेच महिने गेले. पहिल्या एंडोस्कोपीत गाठ दिसली नाही, म्हणून पुन्हा त्याच गोळ्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हवा भरूनही जठर फुगत नाहीये. आतलं अस्तर बऱ्यापैकी नीट दिसत होतं, पण भिंत कडक झाली होती. खोलवरून तुकडे घेतले. रिपोर्ट आला: डिफ्यूज प्रकारचा, म्हणजे गाठ न होता भिंतीत विखुरणारा कॅन्सर, सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या) पेशी. तोवर तो पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरला होता. ऑपरेशनचा प्रश्नच उरला नाही, केमो सुरू झाली.

गाठ नाही आणि तरी इतका पसरलेला, हे आम्हाला समजेना. शेवटी उलगडा झाला तो जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या मॅडमकडे. आपल्या पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, ई-कॅडहेरिन. ते बनवण्याची कृती सीडीएच-१ या जनुकात असते. वीट विटेला धरून ठेवणारा सिमेंटच निघून गेला तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. पेशी सुट्या होतात आणि एकेकट्या जठराच्या भिंतीत शिरतात. म्हणून गोळा तयार होत नाही, आणि म्हणूनच दुर्बिणीला हा कॅन्सर सापडत नाही.

दादाच्या ट्यूमरच्या तपासणीत दोन म्युटेशन (जनुकांतले बदल) निघाली होती, आरएचओए आणि सीडीएच-१ या जनुकांत. दोन्हींचा अर्थ वेगळा. आरएचओएमधला बदल डिफ्यूज प्रकारात वारंवार सापडतो, हे २०१४ मध्ये एकाहून अधिक गटांनी दाखवलं. तो ट्यूमरमध्येच घडतो, आईवडिलांकडून येत नाही. सीडीएच-१चं तसं नाही. तो बदल नुसता ट्यूमरमध्येही होऊ शकतो किंवा जन्मापासून अंगातल्या प्रत्येक पेशीत असू शकतो. कुठला ते ठरवायला रक्त तपासावं लागतं. ट्यूमरच्या रिपोर्टवर म्युटेशन लिहिलेलं दिसलं म्हणून घरातले सगळे घाबरले होते, त्या घाबरण्याला या एका वाक्याने दिशा मिळाली.

मॅडमनी कागदावर वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. आमच्याकडे आत्या ४४व्या वर्षी "पोटाच्या विकाराने" गेली, बाबांचे एक काका तसेच गेले, आणि याहून जास्त कोणी कधी सांगितलं नव्हतं. कागदावर त्या रेघा एका बाजूला गोळा झाल्या तेव्हा बाबा खुर्चीत पुढे सरकून बघत राहिले.

मग मॅडम म्हणाल्या, आधी दादाचं रक्त. मला घाई होती, माझंच तपासा म्हणत होते. पण निरोगी माणसाचं आधी तपासलं आणि काही सापडलं नाही, तर घराण्यातला बदल मला आलाच नाही की तो या तपासणीत पकडताच येत नाही, हे कळत नाही. रुग्णात नेमका बदल सापडला की नातेवाइकांत फक्त तेवढाच शोधायचा. खर्च कमी आणि उत्तर स्पष्ट, आहे किंवा नाही. माणूस हयात असताना रक्त घेऊन ठेवा, हे मी आता भेटेल त्याला सांगते. कधी कधी "अर्थ निश्चित नसलेला बदल" असाही रिपोर्ट येतो. त्या जोरावर कोणी जठर काढायला सांगत असेल तर दुसरं मत घ्याच.

दादाच्या रक्तात बदल निघाला. मग बाबा, मी आणि धाकटी बहीण. प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. बाबा पॉझिटिव्ह, मी पॉझिटिव्ह, बहीण निगेटिव्ह. बाबा ७१ वर्षांचे आणि ठणठणीत. "माझ्यामुळे झालं" एवढंच बोलले आणि उठून बाहेर गेले. दादाच त्यांच्या मागे गेला, सलाइनची सुई हाताला तशीच ठेवून.

सीडीएच-१ आणि जठराच्या कॅन्सरचा हा संबंध पहिल्यांदा जगासमोर आला १९९८ मध्ये, न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबामुळे. त्यांच्यात तरुण माणसं जठराच्या कॅन्सरने एकामागून एक जात होती. कुणी शाप म्हणत होतं. शेवटी घरातल्या लोकांनीच ओटागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना गाठलं आणि आमचं रक्त तपासा म्हणाले. माझा रिपोर्ट त्यांच्या त्या हट्टाचं देणं आहे, असं मी मनापासून मानते.

हा बदल असलेल्यांना जठराच्या कॅन्सरचा धोका किती, याची उत्तरं बदलत आली आहेत. जुन्या अभ्यासांत ८० वर्षांपर्यंत पुरुषांना ७० टक्के आणि स्त्रियांना ५६ टक्के असे आकडे होते. २०१९च्या अभ्यासात ते साधारण ४२ आणि ३३ वर आले. ज्या घरात आधीच बरेच रुग्ण आहेत तिथे धोका जास्त धरतात, आणि आमचं घर त्यातलं. शिवाय बायकांना स्तनाच्या लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या) कॅन्सरचा धोका ४० टक्क्यांच्या आसपास. ऑपरेशन नको असेल तर दरवर्षी एंडोस्कोपी, तीही ठरावीक पद्धतीने: जठराच्या वेगवेगळ्या भागांतून ३० तुकडे. माझी तशी झाली. तीसही तुकड्यांत काही नाही.

दादा त्याच वर्षी गेला. त्यावर इथे लिहवत नाही.

मी ऑपरेशन ठरवलं. विमा कंपनी म्हणाली, आजार नाही तर खर्च कसला. सर्जन आणि काउन्सेलर दोघांची पत्रं, दादाचे सगळे कागद जोडून भांडावं लागलं, आणि शेवटी काही भागच मिळाला. ऑपरेशनमध्ये अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. काढलेलं अख्खं जठर पॅथॉलॉजीत बारीक काप करून तपासलं. सिग्नेट रिंग पेशींचे सूक्ष्म पुंजके निघाले, सगळे वरच्या थरातच. लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) स्वच्छ. तीस तुकड्यांनी चुकवलेलं तिथे होतं. रिपोर्ट नवऱ्याने वाचून दाखवला आणि आम्ही दोघंही रडलो.

नंतरचं जगणं शिकावं लागतं. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, प्रत्येक घास पार मऊ होईपर्यंत चावून, पाणी जेवणाबरोबर नाही. सुरुवातीला मऊ भात, अंडं, पनीर, ताक. वजन भराभर उतरलं. होळीला अर्धी पुरणपोळी खाल्ली आणि थोड्याच वेळात घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं, याला डम्पिंग म्हणतात. आता पुरणपोळीचा चतकोर, तोही आमटी-भातानंतर, आणि मग जरा आडवी होते. बी-१२चं इंजेक्शन जन्मभर, कारण ते शोषून घ्यायला लागणारा घटक जठरात तयार होतो. लोह आणि कॅल्शियमही चालू. मी पूर्णवेळ शाळेत शिकवते. डब्याला तीन कप्पे आहेत आणि मुलं आता विचारत नाहीत.

स्तनांचा एमआरआय दरवर्षी. चुलत भावंडांपैकी दोघांनी तपासणी केली, एकाने नको म्हटलं, आणि त्याला कोणी छेडत नाही. दादाची मुलगी १६ वर्षांची आहे. तिचं १८ नंतर, तिने ठरवलं तर. वहिनीने दादाचा मूळ रिपोर्ट सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय, कारण लॅबला बदलाचं नेमकं नाव लागतं. "घरात सीडीएच-१ आहे" एवढ्यावर तपासणी होत नाही.