पोलिसांच्या सभांनी चोऱ्या थांबतात का?

पुण्याची भाचेमंडळी सुट्टीत आली की, नाहीतर इथेच इंदूरच्या रामबागेत कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की, हा प्रश्न ठरलेला. "मावशी, तुम्ही त्या थान्याच्या, म्हणजे पोलीस ठाण्याच्या, समितीत आहात ना? मग खरं सांगा, पोलिसांच्या त्या सभा, ती भाषणं, शाळेतल्या त्या शपथा, यांनी एक तरी चोरी थांबते का?" विचारणाऱ्याने उत्तर मनाशी ठरवलेलंच असतं, मी फक्त मान डोलवायची असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भाषणाने काही थांबत नाही. तरी सभा बंद करा असं मी म्हणणार नाही.

आधी समितीबद्दल, कारण तिथेच गैरसमज फार. मध्य प्रदेशात १९९९ साली ग्राम तथा नगर रक्षा समितीचा कायदा झाला. इंदूरमध्ये सगळे तिला नगर सुरक्षा समिती म्हणतात. थान्याच्या हद्दीतले नागरिक तिचे सदस्य. पगार नाही, आणि आम्ही काही पोलीस नाही. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली तरी निघतात, त्या रात्री दोर धरून उभं राहायचं. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर हरवलेली पोरं सांभाळायची. आणि वर्षभर थान्याच्या सभांना खुर्च्या भरायला जायचं. बँकेतून निवृत्त झाल्यावर शेजारच्या काकांनी माझं नाव घातलं, म्हणाले, घरी बसून काय करणार. डिसेंबर २०२१ मध्ये इंदूरला पोलीस आयुक्तालय झालं. साहेबांची पदं वाढली आणि फ्लेक्सवरचे फोटोही.

सभा कशी होते ते एकदा बघाच. सुदामानगरात, गणपतीच्या मंडपात. आरती आटोपलेली, माइक शिट्टी मारतोय, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. उपनिरीक्षक उठून सांगतात, "ओटीपी किसी को मत बताइए, अनजान लिंक पर क्लिक मत कीजिए." सगळे माना डोलावतात, त्यांना ते पाठ झालंय. मग शाल, श्रीफळ, फोटो. खरी सभा त्यानंतर सुरू होते, पोह्यांच्या बश्या हातात आल्यावर.

त्या दिवशी शेवटच्या रांगेतल्या एक बाई बशी घेऊन महिला उपनिरीक्षकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आधी माहेर कुठलं, मुलं किती, असं सगळं विचारून झालं. मग आवाज खाली आला. त्यांच्या ओळखीच्या एका घरात लेक सासरहून परत आली होती, अंगावर वळ होते, आणि घरच्यांना थान्यात जायची लाज वाटत होती. उपनिरीक्षकांनी वही काढली नाही, काढली असती तर बाई तिथेच थांबल्या असत्या. पोहे खाता खाता एवढंच म्हणाल्या, "थाने मत आइए अभी. पहले मुझे फोन कीजिए, मैं बताऊँगी कब आना है." आणि नंबर दिला. ओळखीचं घर म्हणजे बाईंचंच घर, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सभेत पोलीस आपल्याला काय सांगतात त्याला फार किंमत नाही. सभा झाल्यावर लोक पोलिसांना काय सांगतात, त्याला आहे.

हे नुसतं माझ्या मनाचं नाही. आपल्याच मध्य प्रदेशात १८० थान्यांमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. काही थान्यांत महिलांसाठी वेगळा मदत कक्ष उघडला, काहींत नाही, आणि दोन्हींची तुलना केली. कक्ष होता तिथे बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या, आणि जिथे तो महिला अधिकारी चालवत होत्या तिथे विशेष. हेच 'ऊर्जा' महिला डेस्क. २०२१ मध्ये सरकारने ते राज्यातल्या ७०० थान्यांत सुरू केले. नोंद वाढली की वर्तमानपत्रवाले लिहितात गुन्हे वाढले. अहो, वाढले नाहीत, घरातून थान्यापर्यंत आले!

आता पैशांची गोष्ट, कारण यात मला बँकेतलं थोडं कळतं. आमच्या कॉलनीत एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांना व्हिडिओ कॉल आला. पलीकडे वर्दीतला माणूस, मागे सरकारी बोधचिन्ह, तुमच्या आधारवर सिमकार्ड घेऊन काळा पैसा फिरवलाय, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. असल्या अटकेला कायद्यात जागाच नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'रुको, सोचो, एक्शन लो' असं सांगूनही झालं होतं. मास्तरांनी ते ऐकलेलं होतं. गणपतीतल्या सभेलाही ते पुढच्या रांगेत बसले होते. पण सभेत सांगितलं होतं ओटीपी देऊ नका, आणि या भामट्याने ओटीपी मागितलाच नाही. त्याने फक्त सांगितलं, 'तपासासाठी' रक्कम या खात्यात वळवा, निर्दोष निघालात की परत. घाबरून मास्तरांनी ती वळवली. भाषण नेहमी मागच्या वर्षीच्या फसवणुकीवर असतं, चोर पुढच्या वर्षीची करतो.

मास्तरांना वाचवलं ते त्यांच्या बायकोने, आणि तिला सभेतला एकही शब्द आठवत नव्हता. तिला आठवत होता सभेत भेटलेला बीटचा, म्हणजे आमच्या भागाची गस्त सांभाळणारा, हवालदार, कारण तो जळगावकडचा निघाला होता आणि तिच्याशी मराठीत बोलला होता. मागच्या दाराने ती माझ्याकडे आली, आम्ही त्याला फोन केला. तो म्हणाला, "मी येतोच, पण तुम्ही आधी १९३० लावा, माझी वाट बघू नका."

१९३० म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार करायचा फोन नंबर. तिथे नेमकं काय विचारतात ते लिहून ठेवा. कुठल्या बँकेतून गेले, किती, केव्हा, आणि व्यवहाराचा क्रमांक, म्हणजे यूटीआर. तो बँकेच्या मेसेजमध्ये असतो, पासबुकात असतो, पण हात थरथरत असले की सापडत नाही. मास्तरांचा चष्मा त्या खोलीतच राहिला होता, मी वाचून दाखवला. तक्रार नोंदली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे पोचते. रक्कम अजून तिथेच असेल तर बँक ती रोखून धरते. पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेकडे निरोप जातो. चोरही गप्प बसलेला नसतो. एका खात्यातून पाच, पाचांतून पंचवीस, तीही भाड्याने घेतलेली कुणा गरिबाची खाती, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून रोख. म्हणून पहिला तास सोन्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी 'शांतपणे विचार करून' थान्यात जाणाऱ्यांच्या हाती बहुतेक कागदच येतात. मास्तरांची निम्म्याहून जास्त रक्कम अडकून राहिली. ती परत मिळवायला कोर्टाचा आदेश लागला आणि बरेच महिने गेले, तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल फोन केला की पैसे खात्यात.

मग फुकट काय जातं? शपथा. जुलै २०२५ मध्ये राज्यभर 'नशे से दूरी है ज़रूरी' ही पोलिसांची मोहीम झाली. आमच्या भागातल्या एका शाळेत मी होते. मुलांनी उजवा हात पुढे करून शपथ घेतली, पुढच्या तासाला गणिताचं पुस्तक उघडलं. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस वर्गात जाऊन अशीच शिकवणी घेत होते, 'डेअर' नावाची. वर्षानुवर्षं तपासून संशोधकांना दिसलं की शिकवणी घेतलेली मुलं आणि न घेतलेली मुलं यांच्या व्यसनात फारसा फरक पडत नाही. आमच्या शाळेत शपथेनंतर एक मुलगा मात्र बाईंना न जुमानता उभा राहिला आणि म्हणाला, "सर, दुकानवाला खुद देता है, उसका क्या?" साहेब हसले, टाळ्या झाल्या. दुकान कुठलं, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्या मोहिमेत कामाचं वाक्य तेवढं एकच होतं हो!

किरायेदाराचा, म्हणजे भाडेकरूचा, फॉर्म ही तशीच एक गंमत. इथल्या भवरकुआँ भागात कोचिंगसाठी मुलं येतात, खोल्या भाड्याने देणारी घरं पुष्कळ. फोटो, आधारची प्रत, मूळ गाव, सगळं भरून थान्यात द्यायचं. लोक देत नाहीत, आणि जे देतात त्यांचे कागद गठ्ठ्यात बांधून पडतात. भाडेकरूकडे संशयाने बघायची सवय मात्र मालकांना लागते. आमच्या गल्लीत कुलूप फुटलं तेव्हा आधी खोलीतल्या पोरांकडे बोटं गेली. बंद घरांपुढे सकाळी चकरा मारणारी मोटारसायकल त्याच पोरांनी पाहिली होती. त्यांना सभेला बोलवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सगळ्यात मोठं दुखणं बदल्यांचं. थान्याचे प्रमुख, इकडे सगळे टीआय म्हणतात, जरा नावं लक्षात ठेवायला लागले की बदली. बीटचा हवालदार गेला की त्याच्या मोबाइलमधली माणसंही गेली. २०२१ मध्ये सहा देशांतल्या लोकपोलिसिंगचा, म्हणजे लोकांना सोबत घेऊन चालणाऱ्या पोलिसांच्या कामाचा, एकत्र अभ्यास झाला, त्यात पाकिस्तान होता, फिलिपीन्स होतं, ब्राझील होतं. सभा झाल्या, गस्ती झाल्या. ना विश्वास वाढला ना गुन्हे घटले. संशोधकांनी दिलेली कारणं वाचून मला वाटलं हे लोक आमच्या थान्यात येऊन गेले की काय: वरच्यांचा जोर टिकत नाही, अधिकारी सारखे बदलतात, लोकांनी सांगितलेलं तडीस न्यायला माणूसबळ नसतं.

भाचेमंडळी इथे खूश होतात, बघा, आम्ही म्हणत होतोच. त्यांना मी त्यांच्याच महाराष्ट्रातली भिवंडी सांगते. १९८४ च्या दंगलीत होरपळलेली ती भिवंडी १९९२-९३ मध्ये, शेजारी मुंबई पेटलेली असताना, शांत राहिली. मधल्या काळात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. त्यांत नुसती पुढारी मंडळी नव्हती, हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांतली, रोज एकमेकांना भेटणारी साधी माणसं होती. अफवा उठली की ती कुणाकडे न्यायची हे ठाऊक होतं.

आमच्या समितीत अजून दुकानदार, निवृत्त साहेब आणि भावी नगरसेवक यांचीच गर्दी. ओळखपत्र खिशात नाही, छातीवर लावून फिरतात. घरकामाच्या बायका नाहीत, वॉचमन नाहीत, खोल्यांतली पोरं नाहीत. कुठल्या घरात कोण एकटं राहतं, कुणाकडे रात्री आरडाओरडा होतो, कुठला फ्लॅट दिवसा बंद असतो, हे त्या बायकांना ठाऊक. सभा संध्याकाळी सातला ठेवली की त्या स्वयंपाकाला गेलेल्या असतात. नव्या टीआयना मी सांगितलंय, एक सभा दुपारी तीनला घ्या, शाल-श्रीफळ नको, फोटोवाला नको, पोहे आम्ही करतो. ते म्हणाले, "देखते हैं, माताजी."

बँकेत पस्तीस वर्षं मीही लोकांना 'बघते' म्हणत आले, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. परवा पुन्हा जाणार आहे. कामाच्या बाईला विचारून ठेवलंय, ती चौघींना घेऊन येते म्हणाली.