पसरणी, आंबेनळी, वरंधा: एका चकरेत तीन घाट आणि वळणांचा हिशोब

पुण्याहून वाई, पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, तिथून आंबेनळीने खाली पोलादपूर, मग महाडवरून वरंधा घाटाने भोर आणि परत पुणे. बाईकवाल्यांना ही चक्कर नवी नाही. अंतर तीनशे किलोमीटरच्या पुढेमागे, पण घाटात ते दुप्पट वाटतं. आम्ही दिवाळीनंतर गेलो. मी, माझा भाचा आणि त्याची नवीकोरी दोनशे सीसी. त्याला फोटो काढायचे होते, मला त्याला वळणं घेताना बघायचं होतं.

निघायचं पहाटे. खंबाटकी घाट उजाडायच्या आत ओलांडला की वाईत गरम चहा मिळतो आणि पसरणीला गर्दी लागत नाही. शनिवार-रविवारी नऊनंतर या घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. मग वळणांचा सराव राहतो बाजूला, नुसता क्लच दाबत बसायचं. निघताना टायरची हवा थंड टायरवर तपासा, कंपनीने सांगितलेल्या आकड्याएवढीच ठेवा. घाटात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका.

पसरणी चढायला सोपा. चढावर गॅस (म्हणजे ॲक्सिलरेटर) सोडला की गाडी आपोआप हळू होते, त्यामुळे चुका पोटात घातल्या जातात. इथे धोका एकच, उजवीकडे-डावीकडे उघडणारं वाईचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी. नजर तिकडे गेली की हँडलही तिकडेच जातं. बघायचं असेल तर थांबून बघा, जागा भरपूर आहे.

महाबळेश्वरला आम्ही रेंगाळलो नाही. तिथे पेट्रोल भरून घेतलं. खरी परीक्षा पुढे, आंबेनळीच्या उतारावर. पोलादपूरपर्यंत साधारण चाळीस किलोमीटर, आणि त्यातला बहुतेक भाग उतार. झाडीतून जाणाऱ्या वळणांवर दहा वाजेपर्यंत ऊन पोचत नाही. रस्ता वरून कोरडा वाटतो, पण कडेच्या शेवाळाचा पट्टा ओलाच असतो. शिवाय पावसाळ्यात डोंगरातून उतरलेली तांबडी माती आणि बारीक खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला महिनोन्‌महिने पडून राहते.

वाडा-कुंभरोशीच्या अलीकडे एका उजव्या वळणावर चार-पाच मुलं गाड्या लावून उभी दिसली. त्यांच्यातला एकजण डोंगराच्या बाजूच्या गटारात गेला होता. गाडी आडवी, इंडिकेटर तुटलेला, पँट गुडघ्यावर फाटलेली, बाकी पोरगा ठीक. जॅकेट आणि ग्लोव्ह्जनी त्याचं काम केलं होतं. गाडी उचलायला हात लावताना मी रस्ता पाहिला. कोरडा, खडी नाही, डिझेल नाही, समोरून कोणी आलेलं नाही. वळण आंधळंही नव्हतं. आतल्या बाजूला दरी असल्यामुळे पुढचा रस्ता स्वच्छ दिसत होता. आणि त्या वळणात मागच्या चाकाची काळी रेघ, वीसेक फूट, फूटपट्टीने आखावी तशी सरळ, थेट गटारापर्यंत. रस्ता उजवीकडे गेला, रेघ गेली नाही.

त्याहून बोलकं होतं मागचं टायर. उजव्या कडेला दोन बोटं रबर अगदी कोरं, त्यावर कारखान्यातून आलेले रबरी केससुद्धा शाबूत. म्हणजे गाडी अजून कितीतरी झुकू शकली असती. टायरने साथ सोडली नव्हती, चालवणाऱ्याने वळायचं सोडून दिलं होतं.

"पुढचा ब्रेक का नाही लावलास?" भाच्याने त्याला विचारलं.

"पुढचा लावला की गाडी पलटी होते ना. बाबांनी शिकवलंय."

हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते, कारण ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं. उतारावर तर आणखी येतं. मागचं चाक त्याच वेळी हलकं झालेलं असतं, त्यावर पाय ठेवून उभं राहिलं की ते लॉक होऊन घसरतं. आता 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, पण ते फक्त पुढच्या चाकाला असलं तरी नियमात बसतं, आणि या पोराच्या गाडीला तेवढंच होतं.

अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे 900 मोटरसायकल अपघातांचा हॅरी हर्ट यांच्या गटाने केलेला अभ्यास 1981 साली आला. त्यात दुसऱ्या वाहनाशी संबंध नसलेले अपघात साधारण चौथा हिस्सा होते, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांश अपघातांत चूक चालवणाऱ्याची होती: जास्त ब्रेक मारून घसरणं, नाहीतर वेगामुळे किंवा कमी वळवल्यामुळे वळणाबाहेर जाणं. संकटात सापडलेले बहुतेकजण मागचा ब्रेक जास्त आणि पुढचा कमी दाबतात, हेही त्यात नोंदवलं होतं. जागा आणि जमाना वेगळा, पण आंबेनळीतली ती काळी रेघ त्याच जातीची.

कुंभरोशीला चहा घेताना भाचा म्हणाला, "पण मामा, तो फार जोरात नसेल. आपल्यापेक्षा दहा-वीसनेच जास्त असेल."

तेच तर. 30 मीटर त्रिज्येचं वळण धरा, घाटात अशी ढिगाने आहेत. 40 च्या वेगाने ते घेतलं तर गाडी साधारण 23 अंश झुकवावी लागते. 50 ला 33 अंश. 60 ला 43. वेग दीडपट, पण टायरकडून मागितलेली पकड सव्वादोनपट. काट्यावर दहाचा फरक किरकोळ दिसतो, वळणात तो अंगावर येतो. आणि 33 अंश हे साध्या गाडीला चांगल्या रस्त्यावर जमण्यासारखं असतं, पण रोज शहरात चालवणारा माणूस वीसच्या पुढे कधी झुकलेलाच नसतो. तिथे पोचला की त्याला वाटतं आता पडलो. मग गॅस एकदम बंद, पाय ब्रेकवर, हात ताठ, नजर कठड्यावर. या चारही गोष्टी गाडीला सरळ नेतात.

यावरचा उपाय वळणात शिरायच्या आधीच करायचा असतो. ब्रेक आणि गिअर दोन्ही सरळ रस्त्यावर उरकून घ्या. उतारावर दुसरा गिअर, क्लच सोडलेला, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे काका अजून दिसतात. वाचलेल्या पेट्रोलात ब्रेक पॅडसुद्धा येत नाहीत. एकदा गाडी झुकली की गॅस अगदी थोडा, एकसारखा उघडा ठेवायचा, म्हणजे वजन दोन्ही चाकांवर नीट राहतं.

आणि वळवायचं कसं? डावीकडे जायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलायचं. ऐकायला उलटं वाटतं. भाच्यालाही वाटलं. त्याला मी पोलादपूरनंतर हायवेच्या एका रिकाम्या सरळ पट्ट्यावर चाळीसच्या वेगात करून बघायला लावलं: डाव्या तळव्याने जरासा दाब, गाडी डावीकडे झुकते, उजव्याने दाब, उजवीकडे. सायकलपासून आपण हे नकळत करतच आलोय, पण घाबरल्यावर नकळत आलेलं हातातून जातं. म्हणून मुद्दाम करून बघायचं. वेग जास्त झालाय असं वळणाच्या मध्यात कळलं तरी बहुतेक वेळा सुटका यातच असते: नजर वळणाच्या शेवटाकडे, आतल्या बाजूचं हँडल आणखी थोडं ढकल, पायाला आवर.

नजरेसाठी एक युक्ती. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू बघत राहा. तो पुढे पळतोय म्हणजे वळण उघडतंय. जवळ येतोय म्हणजे वळण आणखी आवळतंय, तेव्हा वेग वाढवायचा नाही. आंबेनळीत अशी आवळणारी वळणं बरीच आहेत.

उजव्या वळणावर आणखी एक भानगड. आपली चाकं मधल्या पट्ट्याच्या आत असतात, पण झुकलेलं डोकं आणि खांदा समोरच्याच्या लेनमध्ये. तिकडून एसटी आली तर? म्हणून उजवं वळण जरा डावीकडून घ्या, आत शिरायची घाई करू नका. डाव्या आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, आणि अरुंद जागी वर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, तसा नियमही आहे.

महाडला जेवून वरंधा घाटाला लागलो. पायथ्यापासून चढ खडा, रस्ता जागोजागी अरुंद, कुठे नवं काँक्रीट तर कुठे उखडलेली खडी. दोन्हींच्या सांध्यावर गाडी सरळ ठेवून जा, झुकलेली असताना नको. घाटात वाघजाईच्या मंदिरापाशी भजी मिळतात आणि माकडंही. ग्लोव्ह्ज आरशावर अडकवून ठेवू नका, परत मिळत नाहीत. भाच्याची वळणं इथे चांगली होत गेली. त्याच्या कोपरांतला ताठपणा मागूनही दिसायचा, तो गेला होता. वर पोचल्यावर नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकाठचा रस्ता सुरू होतो. वळणं सौम्य, पण गुरं मोकळी.

मागे कोणी बसणार असेल तर निघण्यापूर्वी सांगून ठेवा की गाडी झुकली की तिच्याबरोबरच झुकायचं, उलट बाजूला नाही. सामान दोन्ही बाजूंना सारखं बांधा.

पावसाळ्यात वरंधा बऱ्याचदा वाहतुकीला बंद करतात, कधी फक्त जड वाहनांना, कधी सगळ्यांना. महाड सोडण्यापूर्वी चौकशी करा. बंद असेल तर महाडहून माणगाव गाठून ताम्हिणीने मुळशीमार्गे पुण्याला या. तिथली वळणं लांब आणि सपाट दिसतात, रस्ता गुळगुळीत, त्यामुळे वेग कधी वाढला ते कळत नाही. सरळ भागात एकदा काट्याकडे नजर टाकूनच पुढचं वळण घ्या.