आमची वाटचाल: ‘चालेल की’ पासून ‘सकाळी बघू’ पर्यंत

आमच्या वर्कशॉपमध्ये आज फक्त माउंटन बाइकचे पुढचे सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे आणि धक्के झेलणारे दबते चिमटे, उघडले जातात. गिअर नाही, ब्रेक नाही, पंक्चर तर नाहीच. सुरुवातीला मात्र मी आणि धाकटा भाऊ मिळेल ते काम करायचो. एक व्हाइस, एक स्टँड आणि फोर्कात हवा भरायचा उसना आणलेला शॉक पंप, एवढंच भांडवल. एकदा एकाने वीसेक वर्षांचा फोर्क टेबलावर ठेवला आणि विचारलं, “दादा, हा अजून चालेल का?” मी दोन्ही हातांनी जोर देऊन तो दाबला. खाली गेला, वर आला. म्हटलं, “चालेल की.”

हे उत्तर किती उथळ होतं ते कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. दाबून फक्त एवढंच कळतं, की आतली स्प्रिंग किंवा हवा अजून शिल्लक आहे.

जुने फोर्क लोक टाकून का देत नाहीत, असं बरेच जण विचारतात. कारण साधं आहे. जुन्या फ्रेमला 28.6 मिलीमीटरची सरळ स्टिअरर नळी, म्हणजे फोर्कला हँडलशी जोडणारी नळी, लागते, चाक 26 इंची, ब्रेक बहुतेक वेळा रिमवर दाबणारा. आजच्या चांगल्या फोर्कची स्टिअरर नळी खाली जाड होत जाते, आणि रिम ब्रेक लावायला तिथे जागाच नसते. मग फ्रेम आवडीची असली की माणूस जुना फोर्कच जिवंत ठेवायला बघतो. आमचा धंदा या अडचणीवरच उभा राहिला.

माउंटन बाइकवर सस्पेन्शन फोर्क रुजले ते 1989-90च्या सुमारास. पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-1 हा त्यातला पहिला गाजलेला फोर्क, जेमतेम पाच सेंटीमीटर दबणारा. 1990 मध्ये अमेरिकेत ड्युरँगोच्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने उताराची शर्यत याच फोर्कवर जिंकली. त्या काळातलं काही आलं की भाऊ हात पुसून मगच उचलतो. ते आम्ही दुरुस्त करतो, पण भिंतीवर लावण्यासाठी. डोंगरावरून खाली आदळत नेण्यासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यानंतरच्या पिढीने आम्हाला जास्त शिकवलं. 1990च्या दशकातल्या कितीतरी फोर्कांत स्प्रिंगच्या जागी इलास्टोमर असायचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे ठोकळे एकावर एक रचलेले. आम्ही असा पहिला फोर्क उघडला तेव्हा ठोकळे बाहेर आलेच नाहीत. आली ती डांबरासारखी चिकट लगदी, आणि ती लांब पेचकसाने खरवडून काढण्यात अख्खी दुपार गेली. दुसऱ्यात याच्या उलट, ठोकळे लाकडासारखे टणक झालेले. दोन्ही फोर्क बाहेरून चकचकीत होते. त्याउलट 1997च्या सुमाराला आलेला मार्झोकी कंपनीचा बॉम्बर झेड-1 बाहेरून कितीही मळका असला, तरी आत बऱ्याचदा ठीक निघायचा. त्यात स्टीलची स्प्रिंग, आणि तेल एकाच डबक्यात मोकळं. तेच तेल डॅम्पिंग करतं, म्हणजे फोर्कची उसळी आवरतं, आणि नळ्या ज्यांतून सरकतात त्या बुशांना तेच वंगण देतं. वजन वाढतं, पण तेल भरपूर असल्यामुळे थोडं गळालं तरी काम लगेच थांबत नाही. नाव मोठं की छोटं यापेक्षा आत तेल कसं ठेवलंय हे आम्ही तेव्हापासून बघू लागलो.

आता ती गोष्ट, जी आम्ही बरीच वर्षं कुणाला सांगत नव्हतो. एका काकांचा फोर्क पुढचा ब्रेक दाबून हलवला की कर्रकर्र वाजायचा. आवाज क्राउनमधून, म्हणजे नळ्या जिथे एकत्र येतात त्या वरच्या आडव्या तुकड्यातून, येत होता. त्या क्राउनमध्ये स्टिअरर नळी आणि दोन्ही वरच्या नळ्या नुसत्या दाबून बसवलेल्या होत्या. बोल्ट नाही, वेल्डिंग नाही. आम्ही सांध्यात पातळ लॉकिंग द्रव, म्हणजे सुकून सांधा घट्ट धरणारा डिंक, सोडला, रात्रभर ठेवला, आवाज बंद. काका खूश, आम्हीही खूश. भावाने सहज म्हणून मार्करने नळीवरून क्राउनवर एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. दोन महिन्यांनी काका परत आले. “तुम्हीच म्हणालात ना, झालं म्हणून?” आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता. आणि रेघेचे दोन तुकडे झाले होते. केसाएवढं अंतर, पण वरची रेघ खालच्या रेघेला मिळत नव्हती. म्हणजे हँडल धरलेली नळी आतल्या आत फिरत होती, आणि काका दोन महिने त्याच फोर्कवर उतारावरून जात होते.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा काम नाकारलं. काका चिडले, बरंच बोलले, फोर्क तिथेच टाकून निघून गेले. तो अजून आमच्याकडे लटकतोय. नवा मुलगा कामाला आला की आधी त्याला ती रेघ दाखवतो.

तेव्हापासून तपासणीचा क्रमच उलटा केला. आधी न बदलता येणारं बघायचं. वरच्या नळ्यांवरून नखाची कड हळूच फिरवायची. नख अडकलं तर त्या ओरखड्यातून तेल बाहेर जाणार आणि धूळ आत येणार. नळीची मागची बाजू विसरायची नाही, कारण ब्रेक मारला की सगळा भार तिथे घासतो. ॲल्युमिनियमच्या नळीवरचा रंगीत थर तिथे उडून चंदेरी पट्टा दिसू लागला, तर नवीन सील घालणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. क्रोम केलेल्या स्टीलच्या नळीला गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि ते नव्या सीलची कड लगेच कातरतात. एखादा एकटाच बारीक चरा असेल तर पारदर्शक नेलपॉलिश भरून, सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने सपाट करता येतं. हसू नका, नखाला लागत नाही इतकं साफ बसतं.

मग खालचे पाय, म्हणजे वरच्या नळ्या ज्यांत सरकतात ते जाड भाग. ते बहुतेक वेळा मॅग्नेशियमचे असतात, आणि स्टीलचा बोल्ट जिथे टेकतो तिथे रंगाखाली पांढरी भुकटी दिसली की धातू खाल्ला जातोय. दोन पायांना जोडणारी कमान, डिस्क ब्रेक बसवायचा कान आणि चाकाचा आस बसतो ती खोबण इथे बॅटरी मारून बारीक तडे शोधायचे. तडा सापडला तर पुढचं काही बघायचं कारणच उरत नाही.

बुशांचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, बघताना बरेच मेकॅनिक फसतात. आम्हीही फसलो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे केली की काहीतरी डुगडुगतं, पण तो खेळ हेडसेटचा, म्हणजे फ्रेममध्ये स्टिअरर नळी फिरते त्या बेअरिंगचा, की फोर्कचा? एक बोट खालच्या पायावरच्या सीलपाशी ठेवायचं, दुसरं हेडसेटच्या खालच्या कपाशी. ज्या बोटाखाली हलतं ते दोषी. जुन्या फोर्कात जरासा खेळ असतोच, त्याला घाबरायचं नाही. टक असा ठोका जाणवला तर बुश गेले. ते बसवायला त्याच मापाचं हत्यार लागतं, आणि काही जुन्या मापांचं हत्यारच मिळत नाही. सीलचं तसं नाही. 28, 30, 32 अशा नळीच्या मापांवर पर्यायी सील सापडतात. एका पुरवठादाराने आम्हाला आतलं माप बरोबर आणि बाहेरचं चूक असा पूर्ण खोका पाठवला आणि परत घ्यायला नकार दिला. आता आम्ही नमुना हातात आल्याशिवाय मोठी ऑर्डर देत नाही.

“नवा कोरा आहे, कधी चालवलाच नाही,” हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. पंधरा वर्षं उभा ठेवलेल्या फोर्कात तेल तळाशी बसतं, सीलखालच्या फोमच्या कड्या सुकतात, रबराच्या रिंगा दबून चपट्या होतात. असाच एक कोरा फोर्क मालकाने आमच्यासमोर कौतुकाने दहा-बारा वेळा दाबला, आणि नळीवर कोरडे पट्टे उमटलेले त्यानेच पाहिले. आठवड्याला चालवलेला, वेळच्या वेळी तेल बदललेला फोर्क मला कधीही चालेल. रॉकशॉक्सच्या पुस्तिकेत खालच्या पायांच्या सफाईला 50 तासांची मुदत दिलेली असते. किती तास झाले विचारलं की लोक वर्षं सांगतात. मग आम्ही तेलालाच विचारतो. राखाडी आणि त्यात चकचकीत कण असले तर धातू घासतोय, दुधाळ असलं तर पाणी शिरलंय.

हवेच्या फोर्कांनी मात्र आमच्याकडून उलटी चूक करवून घेतली. संध्याकाळी हवा भरायची, सकाळी पंप लावायचा, काटा खाली दिसला की नापास. असे किती चांगले फोर्क आम्ही परत पाठवले असतील कुणास ठाऊक. पंप परत जोडला की थोडी हवा त्याच्याच नळीत शिरते आणि काटा तेवढा उतरतो, गळती नसली तरी. हे लक्षात आल्यावर आम्ही पंप रात्रभर लावूनच ठेवू लागलो. एक गोष्ट पंपाशिवायही दिसते. फोर्क मोकळा सोडूनही दोन-तीन सेंटीमीटर आतच बसलेला राहिला, तर हवा मुख्य कप्प्यातून विरुद्ध बाजूच्या कप्प्यात झिरपतेय. तो उघडण्याआधी सगळी हवा काढा, नाहीतर भाग गोळीसारखा सुटतो. आमच्या छतावरचा पोचा त्याचाच.

काल संध्याकाळी एक जण फ्रेमसकट फोर्क घेऊन आला. नळ्या साफ, क्राउन गप्प, खेळ नावाला. “दादा, चालेल ना?” त्याने विचारलं. भावाने क्राउनवर रेघ ओढली, पंप जोडला आणि चिठ्ठी चिकटवली: हवेचा दाब 85, संध्याकाळी सहा. म्हणाला, “सकाळी बघू.”