नदीवरचं वाचनालय

बाबा माझ्याकडे अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या रेंटनला आले ते सप्टेंबरच्या शेवटी. दुसऱ्याच दिवशी त्यांना वाचनालयात घेऊन गेलो. ही इमारत काठावर नाही, थेट सीडर नदीवर आहे, पुलासारखी. बाहेरच्या कठड्यापाशी उभं राहिलं की या दिवसांत खाली प्रवाहाविरुद्ध वर चढणारे लालसर साल्मन मासे दिसतात. बाबा बराच वेळ तिथेच रेंगाळले.

गावच्या ‘ड’ वर्ग, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालच्या वर्गातल्या, वाचनालयाचे ते कितीतरी वर्षं चिटणीस होते. त्यामुळे आत शिरल्याबरोबर पहिला प्रश्न आला, “यांना अनुदान किती मिळतं रे?”

“अनुदान नाही, बाबा. घरपट्टीतून चालतं.”

सिअ‍ॅटलच्या भोवतालची गावं आणि उपनगरं मिळून किंग काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) ही वाचनालयं चालतात. सिअ‍ॅटल शहराचं स्वतःचं वेगळं आहे. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये, महायुद्ध चालू असताना, इथल्या ग्रामीण मतदारांनी मतदान करून वाचनालयासाठी कर घेणारा स्वतंत्र विभाग स्थापन केला. आज सुमारे ५० शाखा आहेत आणि बहुतेक उत्पन्न मालमत्ता करातून येतं. आपल्या महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कराची तरतूदच नाही, हे बाबांना मी सांगायची गरज नव्हती. अनुदानाच्या हप्त्याची वाट बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत.

रेंटनचं वाचनालय २०१० मध्ये, अगदी थोड्या मतांच्या फरकाने, या व्यवस्थेत आलं. मग ते नदीवरून हलवून दुसरीकडे नवं बांधायचं ठरत होतं. लोक अडून बसले. २०१२ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि सुमारे तीन चतुर्थांश मतं नदीच्या बाजूने पडली. जुनी इमारत नव्याने उभी करून २०१५ मध्ये उघडली. वाचनालय कुठे असावं यासाठी गाव मतदानाला उतरतं, ही गोष्ट बाबांनी मला दोनदा सांगायला लावली.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटतं ते एकच कार्ड. बेलव्ह्यूच्या श्रीमंत वस्तीतलं पुस्तक डोंगरातल्या चिमुकल्या स्कायकोमिशच्या वाचकाला मागवता येतं, मकलशूट आदिवासींच्या शाखेतल्या मुलालाही येतं. कर कुठून किती आला, हे पुस्तक देताना कोणी बघत नाही.

पुढे बाबा ‘टॉक टाइम’ला जाऊ लागले. इंग्रजी बोलायचा सराव करायला जमलेल्या मंडळींचं हे टेबल, आणि तेही फुकट. शेजारी एक व्हिएतनामी आजी, समोर युक्रेनहून आलेलं जोडपं. चिटणीस म्हणजे काय, हे समजावण्यात बाबांचा पहिला तास गेला. घरी आले ते खुलूनच.

परतायच्या आदल्या रात्री त्यांनी माझी कराची पावती मागितली. त्यात लायब्ररीची ओळ वेगळी छापलेली असते. चष्मा लावून त्यांनी तेवढ्याच ओळीचा फोटो काढला, गावच्या कार्यकारिणीला दाखवायला.