कापणीचा सण आणि रूथची गोष्ट

बाजरी खळ्यावरून घरात आली, की आमच्या ख्रिस्ती मंडळीत कापणीच्या सणाची तयारी सुरू व्हायची. राहुरी तालुक्यातलं लहानसं गाव आणि दगडी भिंतींचं, पत्र्याचं चर्च. नाताळ साऱ्या जगाचा. कापणीचा सण मात्र आमचा वाटायचा, कारण त्या दिवशी वेदीपुढे आमचंच शेत येऊन बसायचं. बाजरीची कणसं, शेंगांसकट उपटलेले भुईमुगाचे वेल, काशीभोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला एखादा कोंबडा. ज्यांना जमीन नव्हती त्या बाया हातानं शिवलेली गोधडी नाहीतर विणलेली टोपली आणायच्या. पाळकसाहेब सगळ्यावर एकच प्रार्थना करायचे. कुणाचं किती, हे कुणी पाहत नसे.

उपासना झाली की लिलाव. एक वार, दोन वार, तीन वार! भोपळा घेणारा पैसे मोजायचा आणि भोपळा पुन्हा वेदीपुढे ठेवायचा, की पुन्हा बोली. एकच भोपळा असा चार-पाच घरांचं दान होऊन जायचा. त्या पैशातून चर्चचा पत्रा बदलला जाई, कुणाच्या आजारपणाला मदत होई आणि थोडे पैसे शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या बायबलवर्गाच्या, बक्षिसांसाठी बाजूला पडत. बक्षीस म्हणजे पुस्तक. वचनं पाठ म्हणणाऱ्या मुलाला पुस्तक मिळायचं. आमच्या घरातली पहिली पुस्तकं अशी, भोपळ्याच्या आणि अंड्यांच्या पैशातून आली.

सणाला दर वर्षी बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचलं जायचं. दुष्काळ पडला म्हणून बेथलेहेम सोडून मवाबात गेलेली नामी, तिथंच नवरा आणि दोन्ही मुलं गमावून परत निघालेली, आणि तिची पाठ न सोडणारी परदेशी सून रूथ. ती सून बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून सातूचा सरवा वेचते. माझ्या आजीनं उमेदीची वर्षं सरवा वेचण्यात घालवली होती. दुसऱ्याच्या रानात, कापणी उरकल्यावर, राहिलेली कणसं ओच्यात गोळा करायची आणि संध्याकाळी बडवून दाणे काढायचे. रूथनंही दिवसभराचं वेचलेलं संध्याकाळी झोडून काढलं, हे वाक्य आलं की आजी मान हलवायची. "खरं लिहिलंय," म्हणायची. बवाज आपल्या गड्यांना सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून थोडं मुद्दाम गळू द्या आणि तिला बोलू नका. तिथं आजीच्या डोळ्यांना पाणी यायचं. पवित्र शास्त्र हे आपल्यासारख्या बायांचंही पुस्तक आहे, हे मला कुणा उपदेशकानं नाही, त्या पाण्यानं कळलं.

1972 च्या दुष्काळात रानात काहीच नव्हतं. गावातल्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या, घरात मिलो या परदेशी ज्वारीची लालसर भाकरी होती. यंदा सण होणार नाही, असं आम्ही मुलांनी धरूनच चाललो होतो. सण झाला, नाताळानंतर कधीतरी. वेदीपुढे एक चादर अंथरली होती आणि ज्यानं त्यानं मूठभर मिलो आणून त्यावर टाकली. आजीनं ओंजळभर टाकली, तेव्हा आईनं तिच्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. लिलाव झाला नाही. ते धान्य त्याच दिवशी मंडळीतल्या दोन म्हाताऱ्या विधवांच्या घरी गेलं. त्या वर्षी रूथचा पहिला अध्याय वाचला गेला तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. दुष्काळामुळे गाव सोडलेली माणसं प्रत्येकाच्या नात्यात होती.

पुढे एका सणाला मला 'स्मृतिचित्रे'चा एक भाग बक्षीस मिळाला. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र 1934 ते 1936 या काळात चार भागांत आलं. टिळक कुटुंब काही वर्षं राहुरीला राहिलं होतं, त्यामुळे आजीला ते घरच्या माणसांचंच पुस्तक वाटायचं. थंडीच्या रात्री, कंदिलाशी, "मोठ्यानं वाच गं पोरी" म्हणत ती गोधडीत पाय घेऊन बसायची. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, लग्नानंतर घरीच वाचायला शिकल्या, हे कळल्यावर आजी कितीतरी वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिनं 'उपासना संगीत' हे आमच्या गीतांचं पुस्तक मागून घेतलं. गीतं तिला सगळी तोंडपाठ. ती गुणगुणत एकेका शब्दावर बोट ठेवायची आणि मी बोट योग्य जागी सरकवायची. पुढच्या पावसाळ्यात, पेरणीनंतर, रान काही मागत नाही त्या दिवसांत ती अक्षरं ओळखू लागली. कापणीच्या सणाला तिनं उभं राहून एक स्तोत्र वाचलं. पाठ म्हणाली नाही, वाचलं. आमच्या आप्पांनी त्या दिवशी लिलावात चढ्या भावानं एक अंडं घेतलं आणि ते कुणाला परत देऊ दिलं नाही.

आता हंगामही बदललाय आणि पिकंही. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे, बाजरीच्या जागी सोयाबीन आलंय. पाऊस ऑक्टोबरातही रेंगाळतो, उभ्या कणसाला कोंब फुटतात. सणाची तारीख आता पिकावरून नाही, पुण्या-चिंचवडला गेलेल्या मुलांच्या सुट्टीवरून ठरते. वेदीपुढे टोपल्यांपेक्षा पाकिटं जास्त. मला त्याचं वाईट वाटत नाही. कंपनीत राबणाऱ्याचं पीक म्हणजे पगारच, आणि तो आणणारे हात मी मांडीवर खेळवलेत. वाईट वाटलं ते एकाच गोष्टीचं. वेळ वाचावा म्हणून रूथचं वाचन चार ओळींवर आलं होतं. नुसत्या चार ओळींत नामीचं दुःख कसं मावेल?

यंदाच्या बैठकीत मी हे मनापासून मांडलं आणि तरुण मुलांनीच ते उचलून धरलं. पूर्ण पुस्तक वाचायचं ठरलंय, चार अध्याय, चार घरं. पहिला अध्याय वाचणार आहे कामासाठी मराठवाड्यातून येऊन इथंच राहिलेलं एक जोडपं. दुसरा, सरव्याचा, माझ्या नातीकडे आलाय. ती मोबाइलवरून वाचणार आहे आणि रोज संध्याकाळी फोन करून मला ऐकवते. बवाजाच्या बोलण्याशी ती फार घाई करते, तिथं तिला थांबायला सांगितलंय. लिलाव जेवणानंतर आहे, आणि काशीभोपळा या वेळी आमच्याकडून.