टिपक्याच्या पांढऱ्या अंगाचा दोष

सात महिन्यांच्या डाल्मेशियनला, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या कुत्र्याला, घेऊन बापलेक दवाखान्यात आले ते थेट सांगतच, 'डॉक्टर, याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन देऊन टाका.' टिपक्या अकरा दिवसांपूर्वी मुलाच्या हाताला चावला होता. मुलाची रेबीजची लस सुरू होती. चाव्यानंतर दहा दिवस उलटूनही कुत्रा नीट खात-पीत होता, म्हणजे ती धास्ती मिटली होती. शेजाऱ्यांचं निदान मात्र ठरलेलं: पांढरी कुत्री चक्रमच असतात.

काळा रागीट, चॉकलेटी लॅब्रॅडॉर बिनडोक, असलं बरंच कानावर येतं आणि मी सोडून देतो. पांढऱ्याचं नाव निघालं की मात्र कान टवकारतो.

चावला कधी? झोपेतून उठवताना. त्याआधी दोनदा गुरगुरला होता, दोन्ही वेळा मागून हात लावल्यावर. समोरून कधीच नाही. 'हाक मारली की येतो?' 'मनात आलं तर येतो.' शिवाय डावा डोळा निळा, म्हणजे तिथेही रंग कमी. आता ऐकणं तपासणं भाग होतं.

इथे टाळी वाजवून उपयोग नसतो. वारा लागतो, हात हललेला दिसतो. मुलाला उकडलेल्या चिकनचा तुकडा घेऊन टिपक्यासमोर बसवलं आणि मी दोन मीटर मागे, दाराआड उभा राहिलो. मुठीत दाबायचं पिपाणीचं खेळणं, किल्ल्यांचा जुडगा, शिट्टी. एकेक आवाज एकदा, फार तर दोनदा. ऐकू येणारं कुत्रंही तिसऱ्यांदा कंटाळून लक्ष देत नाही. लोंबत्या कानाचं मूळ हलतं का, श्वास क्षणभर अडतो का, एवढंच पाहायचं. काहीच नाही. हातातल्या स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवला तर बाहेर बसलेला पॉमेरेनियन भुंकला, टिपक्या चिकनकडेच बघत होता. शेवटी पाय आपटला. फरशी हादरली तसा गर्रकन वळला.

आतल्या कानातल्या गोगलगायीसारख्या नळीला रंगपेशींची गरज असते. तिथल्या द्रवातलं पोटॅशियम त्या टिकवतात. फार पांढऱ्या कुत्र्यांत कधीकधी त्या तिथे पोचतच नाहीत, आणि पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईतो ऐकण्याच्या पेशी मरतात. अमेरिकेतल्या पाहणीत सुमारे ८ टक्के डाल्मेशियन दोन्ही कानांनी आणि २२ टक्के एका कानाने बहिरे निघाले. जन्मतःच मोठं काळं ठिगळ असलेल्या पिल्लांत हे प्रमाण कमी, पण कुत्र्यांच्या प्रदर्शनात नेमकं ते ठिगळच दोष ठरतं! लहानपणी कळत नाही, कारण भावंडं उठली की बहिरं पिल्लूही उठतं. एका कानाचा बहिरेपणा तर घरच्या चाचणीत सुटतोच. त्यासाठी कातडीखाली बारीक सुया लावून, कानात टिकटिक ऐकवून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात.

वडिलांना लिहून दिलं ते असं. उठवताना आधी गादीची कड पायाने दाबायची, मग नाकाशी हात धरायचा, मग खांद्याला स्पर्श आणि सेकंदाच्या आत चिकनचा कण. एका वेळी पाचदा, दिवसातून चारदा. पहिले काही दिवस तो जागा असतानाच, आणि हे मोठ्यांनीच करायचं. झोपायची जागा कोपऱ्यात, वाटेत नको. अंधारात बोलवायला दिवा दोनदा उघडझाप. बाहेर पट्टा कधीच सोडायचा नाही, मागून येणारी रिक्षा त्याला कळणार नाही.

'मग याची पिल्लं?' वडिलांनी विचारलं. मी नसबंदीची तारीख त्याच कागदावर लिहिली.