तसबिरीमागची गोचीड

दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री कधी नीट पाहिलीत? शांत, सुबक, मालकाच्या पायाशी. एकही मान वाकडी करून मागच्या पायाने कान खाजवत नाही. वेदांचा मान मिळाला की खाज जात असावी. घरातल्या कुत्र्याला ही सवलत नाही. त्याच्या अंगावर पोट भरून उतरलेली गोचीड मात्र भिंत चढत चढत नेमकी त्या तसबिरीच्या मागे जाऊन बसू शकते.

यात भक्तीचा काही संबंध नाही. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीला वर चढायची खोड आहे आणि फटी प्रिय आहेत. दाराची चौकट, पडद्याची वरची शिवण, स्विचबोर्डाची कड, भिंतीवरची फ्रेम, सगळं चालतं. रक्त पिऊन टम्म झालेली मादी करड्या-हिरवट एरंडाच्या बीसारखी दिसते. हे साम्य रोमन लोकांनाही दिसलं होतं. एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीडच. असं एक बी फटीत शिरतं, हजारावर अंडी घालतं आणि मरतं. दोन-तीन आठवड्यांनी, थंडी असेल तर आणखी उशिरा, त्यातून तिळाहून बारीक, सहा पायांची पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, काही दिवस रक्त पितात, उतरतात, फटीत कात टाकतात. मग आठ पाय घेऊन पुन्हा चढतात, पुन्हा उतरतात. तिसऱ्यांदा चढते ती मोठी गोचीड. म्हणजे आयुष्यातले थोडेच दिवस कुत्र्यावर, बाकी सगळा मुक्काम आपल्याकडे. तोही उपाशीपोटी महिनोन्‌महिने निघू शकतो. ‘कुत्र्याला गोचिडी झाल्या’ असं आपण म्हणतो खरं, पण त्या होतात घराला. कुत्रा ही त्यांची खानावळ.

म्हणूनच पावसात जिन्याखाली कुडकुडणारं पिल्लू कुणी उचलून आणतं तेव्हा दोन पाहुणे येतात. पहिला दिसतो. त्याला आणल्या आणल्या शाम्पूने घासायची घाई नको; गारठलेलं पिल्लू आंघोळीने आणखी गारठतं. आधी कोरड्या टॉवेलने पुसायचं, उबेला ठेवायचं, मऊ भात नि चिकनचं बिनमिठाचं पाणी थोडं थोडं द्यायचं. वाटीभर गाईचं दूध बहुधा जुलाबावर जातं. मग ओठ वर करून हिरड्या बघायच्या. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या असतील तर एवढ्याशा देहातलं रक्त गोचिडींनी, पिसवांनी किंवा पोटातल्या जंतांनी संपवत आणलेलं असतं, आणि मग सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला मोठ्या कुत्र्यांचे थेंब किंवा गोळी मनाने द्यायची नाही. त्याच्यासाठी चिमटा आणि फणी. उवांची, बारीक दातांची फणी, जी एके काळी घराघरांत होती आणि आता शोधावी लागते.

गोचीड काढण्याबाबत प्रत्येक वाड्यात एक तज्ज्ञ असतो. कुणी रॉकेल सांगतो, कुणी उदबत्तीचा चटका, कुणी कडुलिंबाचं पाणी. रॉकेलने कातडी भाजते. चटक्याने गोचीड पोटातलं जंतूंसकट जखमेत ओकू शकते. कडुलिंबाच्या पाण्याने घरभर सात्त्विक वास येतो आणि चिकटलेली गोचीड आहे तिथेच राहते. खरी रीत साधी आहे. केस बाजूला करायचे, टोकदार चिमट्याने तिला पोटाशी नव्हे, तोंडाशी, अगदी कातडीलगत धरायचं आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढायचं. पोटाशी दाबली की पुन्हा तेच, आतलं आत जातं. तोंडाचा तुकडा राहिलाच तर खणत बसू नये. कुसळासारखा तो पुढे आपोआप बाहेर पडतो. काढलेली गोचीड साबणाच्या दाट पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकायची. नखाने चिरडायची हौस आवरावी, तिच्यातलं रक्त आपल्या बोटाला लागणं बरं नव्हे. आणि ओढण्याआधी एकदा उजेडात बघावं. पोटावर दोन ओळींत, बऱ्यापैकी समान अंतरावर ‘गोचिडी’ दिसल्या तर त्या स्तनाग्रं आहेत. ती नरालाही असतात. चिमटा लागल्यावर तो केकाटतो, तेव्हा त्याचं बरोबर असतं.

औषधांचं गणितही बरेचदा हातानेच बिघडतं. मानेवर टाकायचे थेंब केसांवर पडतात, कातडीपर्यंत पोचत नाहीत. खांद्यांच्या मधोमध केसांचा भांग पाडून ते टाकावे लागतात, जीभ पोचणार नाही अशा जागी. आदल्या दिवशी हौसेने घातलेली आंघोळ त्यांना मारक, कारण ते कातडीवरच्या तेलकटपणातून अंगभर पसरतात आणि शाम्पूने तोच नेलेला असतो. आधी दोन आणि नंतर दोन दिवस पाणी नको. चघळायची गोळी दिली तर गोचीड चावल्यावर मरते, त्यामुळे गोळीनंतरही अंगावर एखादी दिसणं म्हणजे पैसे बुडाले असं नाही. गोठ्यातलं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्यावर ओतणं हा मात्र धडधडीत धोका. त्यातलं अमिट्राझ हे गोचीडनाशक जास्त झालं तर कुत्रा सुस्त पडतो, हृदयाचे ठोके मंदावतात. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन या कीटकनाशकाचं काहीही आणू नये. कुत्र्याला चालतं ते मांजराला ठार करू शकतं.

खानावळ अशी बंद केली तरी फटी उरतातच. अंथरूण आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवायचं, चौकटीच्या भेगा पुट्टीने बुजवायच्या, फ्रेमा उतरवून मागून पुसायच्या. फवारणी एकदाच करून सुटका नाही, कारण अंडी तिला दाद देत नाहीत. ती फुटायच्या सुमारास, दोन-तीन आठवड्यांनी, दुसरी फेरी लागतेच.

एवढं करूनही ताप गाठतो कधी कधी. गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरणारे जंतू, अर्लिकिया किंवा बबेसिया; बोलीत दोन्हीच्या आजाराला टिक फीवर. खाणं सुटतं, अंग तापतं, कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी चहाच्या रंगाची होते. ओल्या नाकावर विश्वास ठेवू नये, गुदद्वारात थर्मामीटर लावावा. कुत्र्याचं नेहमीचंच तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 103च्या वर गेलं आणि जेवणही टाकलं तर रक्त तपासायचं. अर्लिकियासाठी दिलेलं डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस चालतं. तिसऱ्या दिवशी कुत्रा ताटाकडे झेपावतो आणि उरलेल्या गोळ्या फ्रिजच्या डोक्यावर पडून राहतात, हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा.

या सगळ्यात स्वस्त अवजार म्हणजे दहा बोटं. संध्याकाळी दहा मिनिटं, केसांच्या उलट दिशेने. कानाच्या आत आणि मागे, पापण्यांच्या कडा, पट्टा काढून त्याच्या खालची मान, काखा, जांघा, शेपटीखाली. शेवटी पायाच्या बेचक्या. तिथे त्या हमखास असतात आणि तिथेच कुत्रे पाय ओढून घेतात. पहिल्या आठवड्यात गुरगुर होते. महिन्याभराने तो पंजा आपणहून मांडीवर येऊन पडतो आणि बेचकीत काही नसलं तरी तिथून हलत नाही.